तुमचे प्रश्न: भूकंपानंतरचं पाणी, टँकरपासून ग्लासापर्यंत

या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत, भूकंपानंतर लोकांना पिण्याचं स्वच्छ पाणी पोचवणारे स्वयंसेवक. बरेच प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत, आणि "आम्ही किती टँकर दिले" छाप पत्रं वाचून बाजूला ठेवलीत, राग मानू नका.

नमस्कार ताई, आम्ही ऑफिसमधल्या लोकांनी पैसे जमवलेत आणि बाटलीबंद पाण्याचा ट्रक भरून पाठवायचा विचार आहे. माणशी किती बाटल्या धराव्यात?

पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी पाठवताय का? मग हरकत नाही. त्यानंतर पोचणार असेल तर थांबा आणि आधी हिशोब करा. नुसतं पिण्यासाठी आणि जेवणापुरतं माणशी दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी लागतं. पण माणूस फक्त पीत नाही ना, हात धुतो, भांडी घासतो, लहान मुलांचं आवरतो. म्हणून मदतकार्यात जगभर जे स्फिअरचे निकष वापरतात त्यात माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरलेत. आता २,००० माणसांची छावणी घ्या. १५ गुणिले २,००० म्हणजे ३०,००० लिटर, म्हणजे ३० टन वजन, आणि ते एकदा नाही तर रोज, पुढचे कितीतरी आठवडे. हे बाटल्यांनी होणारच नाही हो. वर रिकाम्या बाटल्यांचा डोंगर उचलायचा कुणी? आणि दरडी कोसळून एकच रस्ता चालू असेल तर त्या रस्त्यावर तुमचा ट्रक आडवा येतो तो वेगळाच.

बाटल्या कामाला येतात त्या ठराविक जागी. दवाखान्यात, दूध पावडरवर असलेल्या बाळांसाठी, ढिगारा उपसणाऱ्या टीमसाठी आणि जिथे टँकर चढूच शकत नाही अशा वस्त्यांवर. बाकी पैशांत झाकणाचे आणि अरुंद तोंडाचे कॅन घ्या, साठवणीची टाकी घ्या, टाकीला लावायचे नळ घ्या, क्लोरीन आणि तो तपासायचा किट घ्या. फोटोला हे काही भारी दिसत नाही, पण माणसं यावर जगतात. आणि काहीही घेण्याआधी तिथे काम करणाऱ्यांना एक फोन करून काय कमी पडतंय ते विचारा.

भूकंपाने घरं पडतात हे कळतं, पण पाणी कसं काय खराब होतं? विहीर तर जागच्या जागीच असते की.

विहीर जागेवर असते, आतलं पाणी असेलच असं नाही. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपानंतर डोंगरातल्या कित्येक गावांचे झरे आटले आणि काही ठिकाणी जिथे कधी पाणी नव्हतं तिथून ते फुटलं, कारण खडकातल्या भेगांची मांडणीच बदलते. विहिरीचं बांधकाम आत ढासळतं, पाणी गढूळ होतं, शेजारच्या शौचखड्ड्याला तडा गेला तर तिकडचं पाझरून इकडे येतं.

शहरात वेगळी गंमत (गंमत कसली, डोकेदुखी). पाण्याची लाईन आणि ड्रेनेजची लाईन बऱ्याचदा एकाच रस्त्याखालून जातात, हादऱ्याने दोन्ही फुटतात, वीज नाही म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून पाईपमधला दाब जातो आणि मग पाईप बाहेर गळायच्या ऐवजी बाहेरची घाण आत ओढून घेतो. म्हणून नळाला पाणी आलं की लोक खूश होतात तेव्हाच खरी काळजी घ्यायची असते. दुरुस्तीलाही वेळ लागतो. जपानमधल्या कोबेला १७ जानेवारी १९९५ ला भूकंप झाला आणि पाणीपुरवठा पूर्ववत व्हायला जवळपास तीन महिने गेले, तेही जपानसारख्या तयारीच्या देशात.

आणखी एक. मोठ्या धक्क्यानंतर छोटे धक्के चालूच असतात. सोमवारी तपासलेली विहीर गुरुवारी तीच राहिलेली असेल असं धरून चालू नका, परत तपासा. पाण्याला रॉकेल-डिझेलसारखा किंवा केमिकलचा वास येत असेल तर ते उकळून किंवा क्लोरीन टाकून सुधारत नाही, तो स्रोतच बंद करायचा.

आमच्या ग्रुपने टँकरने एकदम चांगलं, क्लोरीन टाकलेलं पाणी दिलं. तरी आठवड्याभरात त्याच वस्तीत मुलांना जुलाब लागले आणि लोक आमच्याकडेच संशयाने बघायला लागले. आमचं चुकलं कुठे?

या प्रश्नाला जास्त जागा देते, कारण बहुतेक ग्रुप इथेच अडकतात. आपण टँकर पोचला की काम झालं समजतो. पण टँकरचा नळ आणि मुलाच्या तोंडातला ग्लास यांच्यामध्ये काय काय येतं बघा. उघडी बादली, त्यात बुडवलेला तांब्या, तांब्या धरणारी बोटं, तंबूत रात्रभर बिनझाकण ठेवलेलं भांडं, आणि हात धुवायला पाणी पुरत नाही म्हणून न धुतलेले हात. टँकरमधलं पाणी शुद्ध होतं हे खरं असेल, पण ते प्यायलं गेलं तेव्हा शुद्ध होतं का हे कुणी बघितलंच नाही.

म्हणून पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक राहणं फार महत्त्वाचं. क्लोरीन आधी पाण्यातली घाण मारण्यात खर्च होतो आणि जो उरतो तो पुढे घरात पडणाऱ्या नव्या घाणीशी लढतो. हा उरलेला क्लोरीन लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असावा असं धरतात. टँकर भरताना तो छान असतो, पण उन्हात चार तास उभा राहिलेला टँकर आणि गढूळ पाणी, दोन्ही तो खाऊन टाकतात.

आता जिथे टँकर नाही, लोक झऱ्यावरून किंवा विहिरीवरूनच भरतायत, तिथे स्वयंसेवकांना करता येण्यासारखं एक फार उपयोगी काम आहे, बादलीतलं क्लोरिनेशन. म्हणजे काय तर पाणी भरण्याच्या जागेवर एक माणूस सिरिंज आणि एक टक्क्याचं क्लोरीनचं द्रावण घेऊन बसतो आणि भरलेल्या प्रत्येक कॅनमध्ये मोजून डोस टाकतो. द्रावण ब्लीचिंग पावडरचं (आपली टीसीएल पावडर) करता येतं. ताज्या पावडरीत साधारण ३० टक्के क्लोरीन धरला तर एक लिटर पाण्याला ३३ ग्रॅम. ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी घ्यायचं. पावडर गोळे झालेली, वास उडालेली असेल तर तिच्यात दम राहिलेला नाही. साठवायची प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत, धातूच्या डब्यात नाही. आणि टॉयलेट क्लीनरसारख्या ॲसिडच्या आसपासही नेऊ नका, दोन्ही मिसळलं तर विषारी गॅस होतो.

डोस किती टाकायचा हे कागदावर ठरत नाही, पाणी ठरवतं. त्याच विहिरीचं पाणी २० लिटरच्या चार बादल्यांत घ्या, २, ४, ६ आणि ८ मिली द्रावण टाका, झाका, घड्याळ लावून अर्धा तास थांबा. मग किटच्या छोट्या नळीत प्रत्येकाचं थोडं पाणी घेऊन गोळी टाकली की ते गुलाबी होतं, जितका जास्त क्लोरीन तितकं गडद, आणि बाजूच्या पट्टीवरच्या रंगांशी ते जुळवायचं. ज्या बादलीत ०.५ च्या जवळ येतंय तो आजचा डोस. पाऊस पडला, हादरा बसला, पाण्याचा रंग बदलला की परत चार बादल्या. सिरिंज धरणाऱ्याने हातमोजे घालावेत, डोळे सांभाळावेत आणि कॅन भरून नेणाऱ्या प्रत्येकाला सांगावं की अर्धा तास पिऊ नका, मगच.

पाणी गढूळ असेल तर आधी क्लोरीन नाही! आधी तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात काढा, फडक्यातून गाळा, मग क्लोरीन. उलट केलं किंवा दोन्ही एकदम टाकलं तर क्लोरीन मातीतच खर्च होतो.

आणि तुमच्या बाबतीत मी काय करेन, तर उद्या टँकरजवळ टेस्ट करणार नाही. पाच-दहा तंबूंत जाईन, "प्यायचं पाणी कुठलं ते दाखवता का" असं विचारेन आणि त्या भांड्यातलं पाणी तपासेन. तिथे नळी गुलाबी झाली नाही तर टँकर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. मुलांना जुलाब लागलेत त्यांना आधी ओआरएस, आणि तेही शुद्ध केलेल्याच पाण्यात, आणि आरोग्य पथकाला आजच्या आज कळवा, तुमच्या ग्रुपची बदनामी होईल म्हणून थांबू नका.

आम्ही क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या पण लोक वापरतच नाहीत, म्हणतात पाण्याला वास येतो. काही जण तर गोळ्या नुसत्या ठेवून देतात. अशा लोकांना कसं समजवायचं?

"अशा लोकांना" हा शब्द आधी सोडूया. घर पडलेलं आहे, माणसं गेलेली आहेत आणि कुणीतरी अनोळखी येऊन हातात पांढऱ्या गोळ्यांची पट्टी देऊन पुढच्या तंबूकडे गेला, तुम्ही टाकल्या असत्या का पाण्यात?

यावर अभ्यास झालाय. २००९-१० मध्ये हैती आणि इंडोनेशियातले भूकंप, नेपाळमधला कॉलरा आणि केनियातला पूर अशा चार आपत्तींनंतर घरगुती पाणी शुद्धीकरणाची साधनं वाटली होती, त्यांचा खरंच उपयोग किती घरांत झाला ते बघितलं. उत्तर शून्यापासून ते साधारण दोन तृतीयांश घरांपर्यंत. एवढा फरक का? जिथे लोकांना ती पद्धत आधीपासून माहीत होती आणि कुणीतरी घरी येऊन नीट शिकवत होतं तिथे वापर झाला, जिथे नुसतं वाटप झालं तिथे गोळ्या पडून राहिल्या. म्हणजे किती वाटलं हा आकडा तुमच्या रिपोर्टसाठी ठीक आहे, त्याने पोट बिघडायचं थांबत नाही.

वासाचं म्हणाल तर बऱ्याचदा डोसच जास्त झालेला असतो. १ लिटरची गोळी, ५ लिटरची गोळी, २० लिटरची गोळी, दिसायला सगळ्या भावंडांसारख्या, आणि तीन संस्थांनी तीन प्रकारच्या वाटल्या की घोळ झालाच म्हणून समजा. एका वस्तीत एकच प्रकार वाटा, त्यांच्याच भांड्यात त्यांच्याच हाताने एकदा टाकून घ्या. नंतर पाणी या भांड्यातून त्या भांड्यात दोन-चार वेळा ओतलं तर वास बराच कमी होतो. आणि रोज जाऊन विचारणारी व्यक्ती त्याच वस्तीतली असू द्या, एखादी अंगणवाडीच्या ताईंसारखी जिचं लोक ऐकतात. तिचं एक वाक्य आपल्या दहा पोस्टरांना भारी असतं.

उकळलेलं पाणी बेस्ट ना? मग एवढा क्लोरीनचा खटाटोप कशाला?

उकळलेलं चांगलंच, शंका नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि २,००० मीटरच्या वरच्या गावात तीन मिनिटं. पण जळण कुठून आणणार? आणि उकळलेल्या पाण्यात पुढच्या घाणीशी लढायला काही उरत नाही, बोट बुडवलं की पहिल्यासारखं. तरी ज्यांना उकळायची सवय आहे आणि जळण आहे त्यांना उकळू द्या, सवय मोडायला जाऊ नका, फक्त त्याच भांड्यात झाकून ठेवायला सांगा.

काहीच नसेल तर पारदर्शक, दोन लिटरपर्यंतच्या पीईटी बाटलीत निवळ पाणी भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवायची, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. गढूळ पाण्याला हा उपाय चालत नाही.

ढिगाऱ्याखालच्या मृतदेहांमुळे साथ पसरते म्हणून आमच्याकडच्या काही स्वयंसेवकांनी त्या भागात जायलाच नकार दिला. खरंच धोका असतो का?

नाही. भूकंपात गेलेली माणसं जखमांमुळे गेलेली असतात, साथीच्या रोगाने नाही, त्यामुळे त्यांच्यापासून साथ सुरू होत नाही असं जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे. प्रत्यक्ष पिण्याच्या पाण्यातच मृतदेह असेल तर ते पाणी अर्थात वापरायचं नाही. बाकी साथ पसरते ती जिवंत माणसांच्या शौचातून, म्हणून आधी संडासांची सोय बघा.

हैतीमध्ये मदतीला आलेल्यांमुळेच कॉलरा पसरला असं वाचलं. हे खरं की नुसतीच अफवा?

खरं आहे, आणि मदतीला जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाचलंच पाहिजे असं मला वाटतं. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. कॉलरा आला तो ऑक्टोबरमध्ये, आणि तोही राजधानीतल्या छावण्यांत सुरू झाला नाही, आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात झाला. त्या देशात त्याआधी साधारण शतकभर कॉलऱ्याची नोंद नव्हती. पुढे तपासात निघालं की संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचं सांडपाणी नदीला मिळणाऱ्या एका उपनदीत गेलं होतं. हे स्वयंसेवक नव्हते, भूकंपासाठीच आले होते असंही नाही, पण बाहेरून आलेले होते. आठ लाखांहून जास्त लोक आजारी पडले, जवळपास दहा हजार गेले. संयुक्त राष्ट्रांनी कितीतरी वर्षं अंगाला लावून घेतलं नाही, शेवटी डिसेंबर २०१६ मध्ये तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली.

आपल्यापुरतं यातून काय घ्यायचं, तर तुमची टीम जिथे राहणार तिथल्या संडासाची सोय जायच्या आधी ठरवा, पोचल्यावर नाही. खड्डा पाण्याच्या स्रोतापासून किमान ३० मीटर लांब आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या किमान दीड मीटर वर. ज्याचं पोट बिघडलंय त्याने पाण्याच्या कामाला हात लावायचा नाही, कितीही उत्साह असला तरी. आणि स्वतःपुरतं पाणी, जेवण, झोपायची सोय बरोबर न्या, तिथल्या लोकांच्या वाट्याचं पिऊ नका.

पाणी वाटताना रांगेत रोज भांडणं होतात. धडधाकट माणसं चार-चार कॅन भरून नेतात, म्हातारी माणसं मागेच राहतात. काय करावं?

भांडणं स्वभावामुळे कमी आणि नळ कमी असल्यामुळे जास्त होतात. एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं असा निकष आहे. मिनिटाला साडेसात लिटरने तो नळ चालला तरी माणशी १५ लिटर द्यायला आठेक तास सलग चालू राहावा लागतो, मग तुमच्याकडे ६०० माणसांना एक नळ असेल तर भांडण होणारच! हातपंपाला ५०० माणसं धरतात. रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त आणि घरापासून ५०० मीटरपेक्षा लांब, असं नको.

नळ वाढवा, टँकरची वेळ ठरवा आणि ती पाळा, कारण पुढचा टँकर येईल की नाही याची खात्री नसते म्हणूनच माणूस चार कॅन भरतो. नळ कुठे लावायचा हे बायकांना विचारा, पाणी भरणाऱ्या बहुतेक वेळा त्याच असतात आणि संध्याकाळी अंधारात कुठे जायची भीती वाटते ते त्यांनाच माहीत असतं. म्हाताऱ्यांच्या, अपंगांच्या, गरोदर बायकांच्या तंबूत कॅन नेऊन द्यायला दोन मुलं कायमची नेमा, २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो असतो हे विसरू नका. गरोदर बायकांचं मुद्दाम सांगते. ऑक्टोबर २००५ च्या पाकिस्तानातल्या भूकंपानंतर विस्थापितांमध्ये दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई, म्हणजे एक प्रकारची कावीळ पसरली होती, आणि शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला ही कावीळ जीवघेणी ठरू शकते. तिच्यापर्यंत शुद्ध पाणी सगळ्यात आधी.

मला ना पंप कळतो ना केमिस्ट्री. माझ्यासारख्याचा तिथे काही उपयोग आहे का, की नुसती गर्दी?

कुणाशीही न बोलता बॅग उचलून गेलात तर गर्दी. एखाद्या संस्थेत किंवा प्रशासनाकडे नाव नोंदवून, सांगतील ते काम करायला गेलात तर खूप उपयोग. कोबेच्या भूकंपानंतर दहा लाखांहून जास्त स्वयंसेवक आले, बहुतेकांनी असं काम आधी कधीच केलं नव्हतं, आणि तेव्हापासून जपानमध्ये १७ जानेवारी हा स्वयंसेवकांचा आणि आपत्ती निवारणाचा दिवस म्हणून पाळतात. कॅन धुणं, रांग सांभाळणं, वहीत लिहिणं, तंबूत जाऊन भांडं झाकलंय का बघणं, गुलाबी नळीचा रंग जुळवणं, यातल्या कशालाही डिग्री लागत नाही. वही मात्र नीट ठेवा, कुठल्या स्रोताला कुठल्या तारखेला किती डोस लागला, क्लोरीन किती निघाला, कुठे जुलाबाचे पेशंट आहेत. तुम्ही परत निघाल तेव्हा ती वही, सिरिंज आणि किट वस्तीतल्याच कुणाच्या तरी हातात द्या, आणि दोन-तीन दिवस आधीपासून डोस त्यांनाच टाकू द्या, तुम्ही फक्त बाजूला उभे राहा.

शेवटचा प्रश्न, अगदी छोटा. पाण्याचा टँकर मिळत नाहीये, डिझेलचा मिळतोय. गरम पाण्याने दोनदा धुऊन वापरला तर चालेल?

नाही. दहा वेळा धुतला तरी नाही. दुधाचा टँकर बघा, तो आतून घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुऊन, ते पाणी सोडून देऊन वापरता येतो. आणि पाईपचं तोंड जमिनीवर टाकू नका, तेवढं एक लक्षात ठेवा.